हात लावण्याआधी: सांध्यांची हालचाल तपासण्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये सात वर्षं मसाज आणि मॅन्युअल थेरपी करणाऱ्या एका ताईंकडे ५२ वर्षांच्या एक गृहिणी येतात. उजवा हात वर जात नाही, पाठीमागे ब्लाउजचा हूक लावता येत नाही. चार सत्रं झाली. मान हलकी झाली, झोप सुधारली, हात मात्र होता तिथंच आहे. ताई लिहितात, "सुरुवातीला मी प्रत्येकाला नीट तपासून घ्यायचे. आता हाताला आपोआप कळतं, म्हणून ते मागं पडलं. पण हल्ली तिघाचौघांनी सांगितलं की बरं वाटतं, हालचाल तेवढीच आहे. पुढचा एखादा कोर्स करू का?"

ताई, कोर्स आत्ता नको. तुमचे हात चांगले आहेत. मान हलकी होणं, झोप लागणं हे उगाच होत नाही. बिघडलाय तो क्रम. सात वर्षांत हात इतके सरावले की ते डोळ्यांच्या आधी कामाला लागतात. घट्ट भाग सापडतो, तुम्ही तो सोडवता, माणसाला बरं वाटतं. पण जो भाग घट्ट लागतो तोच हालचाल अडवतोय असं धरून चालता येत नाही. पुष्कळदा तो स्नायू दुसऱ्या कोणाचं तरी काम ओढून दमलेला असतो. तुमच्या या बाईंच्या बाबतीत मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू तसाच दमलेला असणार, असा माझा अंदाज आहे. कारण खाली सांगते.

मी तेवीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी मला पहिल्या वर्षाच्या वहीकडे परत जावं लागतं. त्यात कमीपणा वाटत नाही. माझे आजोबा कोल्हापूरला तालमीत वस्ताद होते. पाठ धरली, पाय मुरगळला म्हणून पोरं घरी यायची. आजोबा तेलाची वाटी बाजूला ठेवून आधी त्यांना अंगणात बैठका मारायला लावायचे आणि समोर उभे राहून नुसते बघायचे. टाच कधी उचलते, कुठल्या पायावर भार टाकायचा टाळतो, उठताना अंग कुठं झुकवतो. दहा-पंधरा बैठका झाल्या की म्हणायचे, "बस खाली." मग हात. शरीरशास्त्र शिकल्यावर मला त्या बघण्याची किंमत कळली.

आता खांद्याकडे येते. हात डोक्यावर नेणं ही आपल्याला एक हालचाल वाटते, पण ती अनेक सांध्यांची बेरीज असते. १९४४ मध्ये इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला हिशेब आजही शिकवतात: साधारण १८० अंशांपैकी १२० अंश दंडाचं हाड आणि खांद्याचं पातं यांच्यामधल्या सांध्यातून येतात आणि ६० अंश पातं बरगड्यांवरून सरकत फिरतं त्यातून. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की हे दोनास एक प्रमाण हालचालीच्या प्रत्येक टप्प्यावर सारखं नसतं आणि माणसागणिक बदलतं. तरी कामापुरता हा हिशेब पुरतो. शिवाय पाठीच्या वरच्या मणक्यांना थोडं मागं सरळ व्हावं लागतं. विश्वास बसत नसेल तर पोक काढून बसा आणि हात वर न्या, मग ताठ बसून न्या. फरक तुम्हालाच जाणवेल.

म्हणजे तुमच्या बाईंचा हात १२० किंवा १३० अंशांपर्यंत जात असेल, तर ते अंश कुणी दिले हे आधी शोधायला हवं. मुख्य सांधा आखडला की शरीर स्वस्थ बसत नाही. खांदा कानाकडे उचलला जातो, धड उलट्या बाजूला झुकतं, कमरेत बाक येतो, बरगड्या पुढं येतात. हात वर गेलेला दिसतो. या उसनवारीत सगळ्यात जास्त राबतो तो मान आणि खांद्यामधला स्नायू. तुम्ही चार सत्रं त्यालाच आराम दिलात, म्हणून मान हलकी झाली आणि झोप लागली. हात वर जाण्याचा प्रश्न तिथं नव्हताच.

तपासायचं कसं? त्यांना पाठीवर झोपवा, गुडघे वाकवून पाय टेकवा म्हणजे कमर उचलून फसवता येणार नाही. एका हाताने पात्याची बाहेरची कड धरून ठेवा, दुसऱ्या हाताने त्यांचा हात सावकाश वर न्या. पातं तुमच्या बोटांखालून कधी सरकायला लागतं ते बघा. चांगल्या बाजूला ते बरंच उशिरा आणि हळूहळू सरकेल. आखडलेल्या बाजूला हात थोडासा उचलला की पातं लगेच त्याच्याबरोबर निघेल, जणू दोन्ही एकत्र शिवलेत. त्यानंतर कोपर अंगाला लावा, मध्ये घडी केलेला नॅपकिन ठेवा, कोपर ९० अंशात वाकवा आणि तळहात बाहेरच्या बाजूला न्या. एवढी एक हालचाल दोन्ही बाजूंची नीट केलीत तर निम्मं उत्तर हातात येतं. चांगला हात समजा ६० अंश बाहेर जातो आणि दुखरा १५ वर अडतो, तुम्ही नेलात तरी तिथंच अडतो, तर सांध्याभोवतीची पिशवीच आवळलेली असण्याची शक्यता मोठी आहे. खांद्याची पिशवी आवळली की सगळ्यात जास्त बाहेर वळणं कमी होतं, मग बाजूने वर जाणं, मग आत वळणं. हा क्रम ब्रिटिश डॉक्टर जेम्स सिरियॅक्स यांनी मांडला. प्रत्येक रुग्ण त्यात चपखल बसत नाही, पण बाहेर वळणं आधी जातं हे मला वर्षानुवर्षं दिसत आलं आहे.

"तुम्ही नेलात तरी" हे शब्द मी मुद्दाम घातले. आधी माणसाने स्वतः हालचाल करायची, मग त्याने अंग सैल सोडायचं आणि आपण करायची, मग सांधा मधल्या स्थितीत स्थिर धरून जोर लावून घ्यायचा. हा क्रम आपण सगळे पहिल्या वर्षी शिकतो आणि गर्दीच्या दिवशी पहिला त्यालाच फाटा देतो. स्वतः केलेली आणि आपण केलेली हालचाल यांतला फरक सगळ्यात बोलका असतो. दोन्ही सारख्याच अडतात तेव्हा सांधा, पिशवी किंवा हाडाकडे लक्ष न्यावं. स्वतःहून हात ७० अंशांपलीकडे जात नाही, पण तुम्ही उचललात की जवळजवळ पूर्ण जातो, अशा वेळी आखडलेलं काहीच नाही. उचलणारं कमजोर आहे, फाटलेलं आहे, किंवा दुखण्याच्या भीतीने थांबलंय. अशा खांद्याला ताण देत बसलात तर महिना वाया जातो. साठीच्या पुढं, पडल्यानंतर, असा हात दिसला तर तो हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवायचा.

जोर लावून घेताना सांधा हलू द्यायचा नाही, हे बहुतेकांचं चुकतं. सांधा हलला की तुम्ही स्नायू तपासताय की सांधा, ते कळत नाही. हळू जोर वाढवायचा, चार-पाच सेकंद धरायचा, हळू सोडायचा. ही तपासणी तरीही शंभर टक्के वेगळं काढून देत नाही. आजूबाजूचं काही ना काही दाबलं जातंच. तिला एक साक्षीदार माना, निकाल तिच्यावर देऊ नका.

आता ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते: हालचाल संपते तिथं हाताला काय लागतं. याला आपण एंड फील म्हणतो. तुमच्यासारख्या सात वर्षं सरावलेल्या हातांना हे शिकायला सगळ्यात सोपं जाईल, कारण स्पर्श तुमच्याकडे आहेच, फक्त तो हालचालीच्या टोकाला न्यायचा आहे. स्वतःवर सुरुवात करा. कोपर पूर्ण सरळ करा. शेवटी टक्क लागतं, हाडाला हाड. कोपर पूर्ण वाकवा. मांसावर मांस दाबलं जातं, मऊ. आता बोटं तळहाताच्या उलट्या दिशेला मागं न्या. चामड्याचा पट्टा ओढल्यासारखं लागतं: घट्ट, तरी किंचित देणारं. ही तीन आपापल्या जागी निरोगी आहेत. चामड्यासारखं टोक खांद्यात लवकर आलं तर पिशवी. टक्क असं टोक खुब्यात लवकर आलं तर हाड. गुडघा शेवटचे काही अंश सरळ होत नाही आणि दाबलं की स्प्रिंगसारखा परत उसळतो, तर आतली गादी अडकली असेल. तिथं मसाज करायचा नाही, पाठवायचं.

आणि एक टोक असं असतं जिथं हाताला काहीच अडत नाही, पण माणूसच तुमचा हात धरतो, "बस, पुढं नको." ऊतकांनी अडवलेलं नसतं, वेदनेने अडवलेलं असतं. याला रिकामं एंड फील म्हणतात आणि ते मिळालं की मी थांबते. मागं गाठ, संसर्ग, फ्रॅक्चर, सांध्याजवळची खूप सुजलेली पाण्याची पिशवी (बर्सा, वर सांगितलेली सांध्याभोवतीची पिशवी नव्हे), काहीही असू शकतं. शेवटचे दहा अंश अगदी संथ न्यायला शिका. घाईत नेलेली हालचाल स्नायूला दचकवते आणि ते दचकणं तुम्हाला आखडलेपणा म्हणून लागतं. माणसाच्या चेहऱ्याआधी त्याचा श्वास थांबतो. तिकडे कान ठेवा.

सराव कसा करायचा? आठवडाभर फक्त निरोगी माणसांचे सांधे तपासा: घरातले, मैत्रिणी, सहकारी, एखादं दहा वर्षांचं मूल, एखाद्या सत्तरीच्या आजी. निरोगीपणाचा पल्ला किती रुंद असतो हे हाताला माहीत नसेल, तर बिघाड ओळखणार कसा? मी माझ्या शिकाऊ मुलींना पहिले पंधरा दिवस रुग्णाला हातच लावू देत नाही. त्या कंटाळतात. सोळाव्या दिवशी त्यांचे प्रश्न बदललेले असतात.

मोजण्याबद्दल. गोनिओमीटर काढा, धूळ झटका. फोनमधलं कोन मोजणारं ॲपही चालेल, पण एकच साधन ठरवा आणि तेच वापरा. पुस्तकात खांदा वर जाण्याचे १८० अंश छापलेले असतात. पन्नाशीच्या कामकरी माणसाला १६० असले तरी मी त्याला आजार म्हणत नाही. त्याची दुसरी बाजू हेच त्याचं पुस्तक. दोन्ही बाजू बिघडल्या असतील तरच छापील आकड्याकडे जायचं. मोजताना चूक साधनात क्वचित असते, बहुतेकदा धड किंवा पातं न धरण्यात असते. एकदा दोन सहकाऱ्यांनी आणि मी एकाच खांद्याचं मोजमाप केलं, तबकडीवर कागद चिकटवून, आकडा चौथीने वाचायचा अशी अट घालून. आमच्यात १२ अंशांचा फरक आला. कारण शोधलं तर एकीने कमर उचलू दिली होती. असा कागद चिकटवून प्रयोग तुम्हीही करा, डोळ्यांना हवा तो आकडा वाचायची सवय मोडते. सर्वसाधारणपणे पाच अंशांच्या आतला बदल सुधारणा म्हणून मोजू नये. एकाच माणसाने मोजलेले आकडे एकमेकांशी जास्त जुळतात, म्हणून आज तुम्ही आणि पुढच्या वेळी सहायक असं करू नका.

दुसरी एक चूक आपल्या क्षेत्रात सर्रास होते. मसाज झाला, ताण दिला, लगेच मोजलं, दहा अंश वाढले, दोघंही खूश. ही वाढ खरी असते, पण तिचा अर्थ वेगळा असतो. एवढ्या थोड्या वेळात स्नायू लांब झालेला नसतो. बहुतांशी ताण सहन करायची तयारी वाढलेली असते. म्हणून माझ्या नोंदीत खरा आकडा पुढच्या भेटीतला, हात लावण्याआधीचा. तो वाढला तर आपण काही केलं. तुमच्या तिघाचौघांचं "बरं वाटलं, पण तेवढंच आहे" हे वाक्य याच दोन आकड्यांमधल्या अंतरातून आलेलं आहे. आणखी एक: पहिल्यांदा मोजण्याआधी तीच हालचाल तीन वेळा सैलपणे करून घ्या, नाहीतर नुसत्या सवयीने वाढलेले चार अंश तुमच्या नावावर जमा होतात. सकाळ आणि संध्याकाळ यांतही फरक पडतो, विशेषतः कमरेत, तेव्हा वेळ लिहून ठेवा.

खुब्याचा सांधा मला माझ्या चुकीने शिकवला. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी एक ट्रकचालक यायचे, वय ३८. गुडघा दुखतो म्हणाले. गुडघ्यावर काम सुरू केलं. बरं वाटायचं, दोन दिवसांनी परत तेच. तीन आठवडे मी गुडघ्याच्या वर गेले नाही. मग एक दिवस ते पाय पायावर ठेवून बूट काढायला लागले आणि जमेना. तेव्हा मी त्यांना झोपवून खुबा आत वळवला. जवळजवळ वळतच नव्हता, आणि त्यांनी जांघेत हात धरला. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटलेला निघाला. खुब्याची वेदना गुडघ्यात उतरते, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. त्या तीन आठवड्यांची हळहळ मला अजून आहे. तेव्हापासून दुखऱ्या सांध्याच्या वरचा आणि खालचा सांधा तपासल्याशिवाय मी टेबल सोडत नाही.

हे आपल्याकडे जास्त जपायला हवं. दारू, दम्यासाठी किंवा कोविडमध्ये घेतलेली स्टेरॉइड्स, आणि विदर्भ व नंदुरबारकडच्या आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल, ही सगळी या आजाराची कारणं आहेत. सुरुवातीला साधा एक्स-रे स्वच्छ येतो, तेव्हा "एक्स-रे नॉर्मल आहे" ऐकून निर्धास्त होऊ नका. तरुण माणूस, जांघेत दुखणं, खुबा आत वळत नाही: एवढं पुरे, पाठवा.

खुब्याबद्दल दुसरी गोष्ट सौम्य आहे, पण तिच्यापायी लोक वर्षं घालवतात. योगवर्गात एखादीचे गुडघे मांडी घातल्यावर जमिनीपासून वीतभर वर राहतात आणि बाजूची बाई सहज टेकवते. पहिलीला सांगतात, "रोज दाबा, सुटेल." आधी तिला पालथं झोपवा, गुडघा ९० अंशात वाकवा, पाय बाहेर न्या आणि मग आत. पाय बाहेर गेला की खुबा आत वळतो, हे इथं गोंधळू नका. दोन्ही वळणं साधारण ४५ च्या आसपास असतात. तिची आतली ६५ आणि बाहेरची २० निघाली, एकूण बेरीज जवळजवळ तेवढीच राहिली, दोन्ही पायांना सारखीच आणि टोक टक्क असं लागलं, तर तिच्या मांडीच्या हाडाला जन्मापासूनच जास्त पीळ आहे. ताण देऊन हाड वळत नाही. दाबत राहिलं तर खुब्याची कड किंवा गुडघ्याची आतली बाजू भरडली जाते. तिला पाटावर किंवा जाड उशीवर बसवा, विषय संपला. तिने इतकी वर्षं स्वतःला आळशी समजलेलं असतं, ते ओझं उतरतं.

उलट, आपले छापील आकडे खुर्चीवर बसणाऱ्यांच्या देशांत ठरले हेही लक्षात ठेवा. गुडघा १३५ अंश वाकला की पुस्तक त्याला नॉर्मल म्हणतं. खुर्ची, जिना, गाडी यांना ते भरपूर आहे. उकिडवं बसायला, वज्रासनाला, भारतीय पद्धतीच्या संडासाला गुडघा त्याहून बराच पुढं वाकावा लागतो. त्यामुळे "तुमचा गुडघा नॉर्मल आहे" असं सांगितलेल्या मावशींना पंगतीत बसता येत नाही, तेव्हा मावशी खोटं बोलत नसतात. मी प्रत्येकाला विचारते, अडलेली तीन कामं सांगा. माळ्यावरचा डबा काढणं, दोरीवर कपडे टाकणं, वेणी घालणं, देवघरासमोरून आधार न घेता उठणं. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण त्यांनीच द्यायचे. गोनिओमीटर आणि ही तीन कामं शेजारी लिहिली की दोन्हींपैकी कोण फसवतंय ते दिसतं.

घोटा आणि पोटरी यांत थोडक्यात आटोपते. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ओढलं की कमी येतं आणि गुडघा वाकवल्यावर वाढतं, तर पोटरीचा वरचा, दोन सांध्यांवरून जाणारा स्नायू अडवतोय. दोन्हींत सारखंच कमी, तर खालचा स्नायू किंवा घोट्याचा सांधा. मग भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला सांगा आणि अंगठा भिंतीपासून किती सेंटिमीटरवर आहे ते टेपने मोजा. उजव्या-डाव्यातला फरक लगेच कळतो, आणि रुग्णाला घरी स्वतः मोजता येतं. उकिडवं बसताना मागं पडणाऱ्या कितीतरी लोकांचे गुडघे, खुबे उत्तम असतात, घोटा अडलेला असतो.

मांडीच्या मागच्या घट्टपणाबद्दल मात्र सावध राहा. "हॅमस्ट्रिंग टाइट आहे" हे निदान आपण फार स्वस्तात वाटतो. पाय सरळ उचलून जिथं ओढ लागते तिथं थांबा, जरासा खाली घ्या आणि तिथं पाऊल वर ओढा, किंवा मान वाकवायला सांगा. मांडीचा स्नायू मानेशी किंवा पावलाशी जोडलेला नाही. तरीही ओढ वाढली, पोटरीत उतरली, झिणझिण्या आल्या, तर तुम्ही नस ओढताय. तिला जोरात ताण दिला तर ती चिडते.

कमरेत खाली वाकून बोटं जमिनीला टेकली म्हणजे कणा लवचीक, असं नसतं. खुबे मोकळे असले की कणा लाकडासारखा ताठ असूनही बोटं टेकतात. म्हणून टेप घ्या. कमरेवरच्या दोन खळ्यांच्या रेषेपासून १० सेंटिमीटर वर आणि ५ सेंटिमीटर खाली खूण करा आणि वाकायला सांगा. शोबर यांच्या १९३७ च्या चाचणीचा हा नंतर सुधारलेला प्रकार. पंधराचं अंतर निदान वीस तरी व्हायला हवं. पंचविशीतला मुलगा, सकाळी अर्धा तास किंवा जास्त ताठरलेला, हालचालीने बरा होतो, विश्रांतीने बिघडतो, आणि टेप जेमतेम दोन सेंटिमीटर वाढते: त्याला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवा. अनेक जण वर्षानुवर्षं मसाज घेत राहतात आणि तोवर मणके जुळायला लागतात. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षयरोग मनात आणा. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. लघवी-शौचावरचा ताबा किंवा बसण्याच्या जागेची संवेदना गेली असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

आणि जी माणसं "मला सगळीकडे आखडल्यासारखं होतं" म्हणत येतात त्यांचे सांधे सैल नाहीत ना, ते बघा. करंगळी ९० अंशांपलीकडे मागं जाते का, अंगठा मनगटाकडे वाकून मनगट-कोपरामधल्या हाताला टेकतो का, कोपर आणि गुडघे सरळच्याही पुढं जातात का, गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकतात का. नऊ गुणांची ही चाचणी दोन मिनिटांत होते. पाच किंवा जास्त आले तर त्या घट्टपणाला हात जपून लावा. सैल सांधे धरून ठेवण्यासाठी स्नायूंनी कसलेला तो पट्टा आहे. तो सोडवला की दोन दिवस स्वर्ग वाटतो, मग दुखणं वाढतं. यांना ताकद हवी असते.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न तुमच्या मनात आला असणार. एकदम सगळं सुरू करू नका. एक महिना फक्त खांदे नीट तपासा, दुसऱ्या महिन्यात खुबे. पहिल्या भेटीत दहा मिनिटं, पुढच्या भेटींत दोन. लोक म्हणतील, "ताई, आधी चोळा ना, फार दुखतंय." त्यांना सांगा, "दोन मिनिटं द्या, कुठं चोळायचं ते शोधते." मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

आता तुमच्या बाईंकडे परत. पुढच्या भेटीत तेल बाजूला ठेवा. आधी हात स्वतः वर करू दे, तुम्ही मागं उभं राहून पातं बघा. मग झोपवून वर सांगितलेलं बाहेर वळणं दोन्ही बाजूंचं मोजा. मग हात जोडून नमस्कार करायला सांगा. तळवे आणि बोटं पूर्ण टेकत नसतील, मध्ये फट राहत असेल, तर जुन्या मधुमेहात दिसणारी ती खूण आहे. फट नसली तरी शुगर शेवटची कधी तपासली ते विचारा. मधुमेहींमध्ये आखडलेला खांदा कितीतरी जास्त आढळतो, आणि काही जणांचा मधुमेह खांद्याच्या निमित्तानेच सापडतो. पिशवी आवळलेली वाटली तर एक्स-रेसाठी आणि निदानासाठी त्यांना डॉक्टरांकडे पाठवा. रात्री दुखून जाग येण्याचा टप्पा असेल तर ताण देऊ नका, त्याने तो चिघळतो. त्या काळात तुमचा मानेचा मसाज फार मोलाचा आहे, तो चालू ठेवा, फक्त तो कशासाठी आहे हे त्यांना स्पष्ट सांगा. हा खांदा सुटायला एक ते तीन वर्षंही लागू शकतात हेही सांगा, म्हणजे पाचव्या सत्रानंतर त्या स्वतःला किंवा तुम्हाला दोष देणार नाहीत.

आणि मोजलेले आकडे मला कळवा: दोन्ही बाजूंचे, झोपवून, कोपर अंगाला लावून, मसाजच्या आधी.